‘पाण्याने धुवा, पेट्रोलने पुसा’ : नायट्रो ट्रकच्या सफाईचा उलटा सल्ला

नायट्रो ट्रक, म्हणजे रिमोटने चालणारे, नायट्रो इंधनाच्या छोट्या इंजिनाचे मॉडेल ट्रक, चालवणाऱ्यांच्या फोनवर अधूनमधून एक मेसेज येऊन पडतो. ‘दहा मिनिटांत ट्रक नव्यासारखा’ अशा थाटाचं शीर्षक आणि खाली सहा सूचना. ट्रक प्रेशरच्या पाण्याने धुऊन काढा. चिकट तेल पेट्रोलने उडवा. इंजिनाच्या आत काहीही घालू नका, इंधनातच तेल असतं. उलट टाकीत थोडं इंधन राहू द्या म्हणजे सील सुकत नाहीत. एअर फिल्टर आपटून धूळ झाडा. धुराच्या पाइपातून तेल उडत असेल तर ते थांबेपर्यंत नीडल (कार्ब्युरेटरवरचा, इंधन कमी-जास्त करणारा स्क्रू) घट्ट करत जा. आणि महिन्यातून एकदा इंजिन पूर्ण खोलून साफ करा.

यातली एकही सूचना जशीच्या तशी पाळण्याजोगी नाही. पण मेसेजप्रमाणे केलं तर ट्रक खरोखरच चकचकीत दिसतो आणि पहिल्या एक-दोन वेळा काही बिघडतही नाही, म्हणून तो फिरत राहतो. चॅसिसवर वाळलेला चिखल ट्रकचं फारसं वाकडं करत नाही. वाट लावते ती इंजिनात शिरलेली धूळ आणि इंजिनात राहून गेलेलं इंधन. मेसेजचा सगळा जोर मात्र डोळ्याला दिसणाऱ्या घाणीवर.

फिल्टरपासून सुरुवात करू, मेसेजमध्ये तो चौथा असला तरी. कारण सहातली सर्वांत महागात पडणारी सूचना तीच आहे.

३.५ सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन घ्या. मिनिटाला ३०,००० फेरे, दर फेऱ्याला एकदा हवा ओढायची. नुसता गुणाकार केला तर मिनिटाला १०५ लिटर हवा होते. प्रत्यक्षातला आकडा थोडा इकडेतिकडे असेल, पण अंदाज यायला एवढं पुरे. आणि ही हवा येते कुठून? जमिनीपासून वीतभर उंचीवरून, ट्रकने स्वतःच्याच चाकांनी उडवलेल्या धुळीतून.

या इंजिनांत पिस्टनला बहुधा रिंग नसते. ॲल्युमिनियमचा पिस्टन आणि क्रोमचा मुलामा दिलेली पितळेची स्लीव्ह (पिस्टन जिच्यात वर-खाली होतो ती नळी), एवढ्यावरच कॉम्प्रेशन टिकतं. स्लीव्ह वरच्या टोकाला किंचित निमुळती असते. नवं इंजिन थंड असताना फ्लायव्हील (इंजिनाचं जड चाक) हाताने फिरवलं की पिस्टन वर पोचताना अडखळतो, तो यामुळेच. ही पकड हेच इंजिनाचं आयुष्य. बारीक धूळ तेलात कालवली गेली की तिचं घासायचं पेस्ट बनतं आणि पकड झिजायला लागते. त्याची खूण ठरलेली आहे : थंड इंजिन एका ओढीत सुरू होतं, पण तापल्यावर बंद पडलं की काही केल्या सुरू होत नाही. तिथवर गाडी आली की नीडलशी कितीही खेळा, उपयोग नाही. पिस्टन-स्लीव्हचा जोडच बदलावा लागतो.

फिल्टरचा फोम धूळ अडवतो तो मुख्यतः त्याला लावलेल्या तेलाने. कोरड्या फोमच्या छिद्रांतून बारीक धूळ सहज आरपार जाते. तेल लावलेला फोम आपटला तर चिकटलेली धूळ निघतच नाही; कोरडा आपटला तर बाहेरची थोडीफार धूळ आतल्या बाजूला जाऊन बसते, म्हणजे पुढच्या वेळी थेट कार्ब्युरेटरच्या तोंडात. दोन्हीकडून तोटाच.

नीट करायचं तर आधी फिल्टरच्या भोवतालची जागा पुसून घ्या, मगच तो काढा आणि कार्ब्युरेटरचं तोंड लगेच स्वच्छ, धागे न सुटणाऱ्या कापडाने बंद करा. फोम कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाने दाबून दाबून धुवा. पिळू नका, फाटतो. पूर्ण वाळू द्या. मग छोट्या प्लॅस्टिकच्या पिशवीत फोम आणि फिल्टर ऑइलचे थेंब टाकून पिशवी बाहेरून चुरत राहा. रंगीत ऑइल असेल तर सोपं पडतं : फोमवर एकही फिकट ठिपका राहिला नाही म्हणजे तेल सगळीकडे पोचलं. जास्तीचं तेल दाबून काढा, बसवताना फिल्टरच्या मानेच्या आतून ग्रीसचा पातळ थर द्या आणि झिप टाय आवळा. धुळीत चालवत असाल तर हे दर वेळी करायचं. तेल लावलेला एक जादा फोम बंद पिशवीत तयार ठेवला तर कंटाळा आडवा येत नाही.

आणखी एक. फिल्टर काढल्यावर त्याच्या मानेच्या आतून बोट फिरवून बघा. बोटाला कचकच लागली तर फिल्टर आपलं काम करत नाहीये, मग बाहेरून तो कितीही स्वच्छ दिसो.

आता ‘इंधनातच तेल असतं’ हा मुद्दा. हे अर्धं खरं आहे, आणि अर्ध्या खऱ्यानेच माणूस फसतो. नायट्रो इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि तेल असतं. तेल साधारण ८ ते २० टक्के, कधी एरंडेल, कधी सिंथेटिक, बहुतेकदा दोन्ही मिसळून. इंजिन चालू असताना हे तेल आपलं काम चोख करतं. प्रश्न इंजिन बंद झाल्यावरचा आहे. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. नायट्रोमिथेन जळताना नायट्रोजनची ऑक्साइड्स तयार होतात आणि ती पाण्याशी मिळाली की आम्लं बनतात. हे सगळं मिश्रण क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या खालच्या पोकळीत, मागच्या मोठ्या बेअरिंगच्या स्टीलच्या गोळ्यांवर बसून राहतं. आठवडाभराने पुल स्टार्टर (इंजिन सुरू करायची दोरी) ओढला की एक खरखर ऐकू येते. बेअरिंग काढून पाहिलं तर गोळ्यांवर तपकिरी डाग दिसतात. दुर्लक्ष केलं तर एक दिवस गोळ्यांना धरून ठेवणारा पिंजरा तुटतो आणि त्याचे तुकडे पिस्टनपर्यंत जातात.

म्हणून चालवून झालं की टाकी रिकामी करायची. इंजिन कमी फेऱ्यांवर असताना इंधनाची नळी चिमटून ते बंद पडू द्यायचं, म्हणजे कार्ब्युरेटरही रिकामा होतो. ग्लो इग्नायटर (इंधन पेटवणारा ग्लो प्लग तापवायचं साधन) लावून पुल स्टार्टरला आणखी दोन-चार ओढी दिल्या की उरलंसुरलं जळून जातं. इंजिन कोमट असतानाच ग्लो प्लग काढून तिथून आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून आफ्टर-रन ऑइलचे (चालवून झाल्यावर इंजिनात घालायच्या, गंज रोखणाऱ्या तेलाचे) थोडे थेंब टाकायचे आणि फ्लायव्हील फिरवून ते आत सगळीकडे जाऊ द्यायचं. शेवटी पिस्टन खालच्या टोकाला आणून ठेवायचा. इंजिन थंड होताना पिस्टन वर अडकलेला राहिला तर स्लीव्ह त्याच्यावर आवळते. पिस्टन खाली असतानाची खूण फ्लायव्हीलवर मार्करने करून ठेवली की दर वेळी अंदाज बांधावा लागत नाही.

आफ्टर-रन ऑइलऐवजी डब्ल्यूडी-४० चालेल का, हा प्रश्न याला जोडूनच येतो. काहीच न घालण्यापेक्षा ते बरं. पण ते मुळात पाणी हटवण्यासाठी बनलेलं आहे. त्याचा बराचसा भाग उडून जातो आणि मागे उरणारा थर पातळ असतो. चार दिवसांत पुन्हा चालवणार असाल तर निभावून जाईल, ट्रक महिना-दोन महिने कपाटात जाणार असेल तर नाही. उत्साहाच्या भरात आफ्टर-रन ऑइलही बदाबदा ओतू नका. पुढच्या वेळी ग्लो प्लग काढून, भोकावर कापड धरून दोन-चार ओढी द्या आणि जादा तेल बाहेर येऊ द्या. द्रव दाबला जात नाही. सिलिंडर भरलेला असताना जोर लावला तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

राहिलेल्या इंधनाने सील ओले राहतात म्हणे. राहतात की! पण त्याच इंधनातलं मिथेनॉल उडून मागे उरलेलं तेल नळीत आणि कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये डिंकासारखं घट्ट बसतं, त्याचं काय? टाकीच्या झाकणाची ओ-रिंग, म्हणजे रबरी सील, वर्षाकाठी तपासून बदलणं यापेक्षा कितीतरी सोपं.

प्रेशरच्या पाण्याबद्दल मेसेजची बाजू घेणारे म्हणतात, ‘आमचा सर्व्हो (चाकं वळवणारी छोटी मोटर) वॉटरप्रूफ आहे.’ असेल. बेअरिंग वॉटरप्रूफ नसतात. रबरी सीलवालं बेअरिंग शिंतोडे थोपवतं, प्रेशरची धार नाही. ती ग्रीस बाहेर ढकलून पाणी आत नेते. पत्र्याची झाकणं असलेल्या बेअरिंगची तर गोष्टच नको. मग चाकांकडे बघा. बऱ्याच रिम्सना किंवा टायरांना हवा खेळण्यासाठी बारीक भोकं असतात. तिथून आत गेलेलं पाणी टायरमधला फोम शोषून घेतो आणि दिवसेंदिवस सोडत नाही. पुढच्या वेळी ट्रक वेगात थरथरतो आणि मालक बिचारा ॲक्सल वाकला का ते शोधत बसतो.

पाणी अगदी वर्ज्य आहे असं नाही. चिखल ओला असताना हात न लावता तो वाळू द्या, कडक ब्रशने झाडा; निम्मं काम तिथेच होतं. चाकं काढा, कार्ब्युरेटर आणि पाइपाचं तोंड बंद करा, रिसीव्हर आणि बॅटरीचा डबा झाका, मग साबणपाण्याची स्प्रे बाटली आणि ब्रश वापरा. लगेच हवेने फुंकून कोरडं करा आणि बेअरिंगांना पातळ तेलाचा एकेक थेंब द्या.

पेट्रोलचं थोडक्यात. मिथेनॉलवर चालणाऱ्या इंजिनाला सिलिकॉनची नळी लावतात, कारण मिथेनॉल तिचं काही बिघडवत नाही. पेट्रोलमध्ये तीच नळी फुगते आणि मऊ पडते. पॉलिकार्बोनेटच्या बॉडीला पेट्रोलने तडे जाऊ शकतात, बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन निघतं. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरत जाते. गरम पाइप किंवा ग्लो इग्नायटर शेजारी असताना हा खेळ नको. तेलकट चिकटा आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि जुन्या टूथब्रशने सुटतो. तेही पेट घेतं, म्हणून इंजिन पूर्ण थंड झाल्यावर, मोकळ्या हवेत, हातमोजे घालून. हातमोजे खरं तर इंधन हाताळतानाही हवेत : मिथेनॉल विषारी आहे, त्वचेतूनही शरीरात जातं, आणि त्याची ज्योत भर उन्हात जवळपास दिसत नाही.

आता नीडल. पाइपातून तेल उडतं म्हणजे इंजिन रिच आहे (हवेच्या मानाने इंधन जास्त जातंय), हा समज पेट्रोलच्या गाड्यांवरून आलेला दिसतो. पेट्रोलला पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते, मिथेनॉलला ६.४ पट, नायट्रोमिथेनला तर जेमतेम १.७ पट. म्हणजे तेवढ्याच हवेला नायट्रो इंजिन दुपटीहून जास्त इंधन पितं, आणि त्या इंधनासोबत आलेलं तेल बरंचसं न जळता बाहेर पडतं. ते पडायलाच हवं. जोरात पळणाऱ्या ट्रकमागे निळसर धुराची रेघ दिसणं हे तब्येत ठीक असल्याचं लक्षण.

तेल दिसेनासं होईपर्यंत नीडल घट्ट करत गेलात तर ट्रक स्वच्छ राहील, यात शंका नाही. इंजिन मात्र राहणार नाही. तेल इंधनातूनच येत असल्यामुळे इंधन तोडलं की वंगणही तुटतं आणि त्याच वेळी तापमान चढतं. हेडवर, ग्लो प्लगच्या बुडाशी, साधारण १०० ते १२५ अंश सेल्सिअस ही बहुतेक इंजिनांची कामाची पट्टी. पण थर्मामीटरच्या आधी धूर बघायची सवय लावा. तेलाचा त्रास होतच असेल तर तो कुठून येतोय ते शोधा. हेडर (इंजिनातून धूर बाहेर नेणारी नळी) आणि पाइप यांना जोडणारा सिलिकॉनचा तुकडा फाटलेला असतो, किंवा त्याचा झिप टाय सैल. पाइपाच्या शेवटच्या नळीला सिलिकॉनचा छोटा तुकडा लावून तोंड बाहेर वळवलं की चॅसिसवर येणारं बरंचसं तेल बंद होतं. नीडलला हातही लावावा लागत नाही.

राहिलं महिन्यातून एकदा इंजिन खोलणं. कशासाठी? चाललेल्या इंजिनात पिस्टन आणि स्लीव्ह एकमेकांना बसलेले असतात. ते विनाकारण बाहेर काढायचे, पिस्टन उलटा बसवायचा, हेडखालची पातळ शिम (चकती) हरवायची आणि मग कॉम्प्रेशन का गेलं म्हणून विचारत फिरायचं! कॉम्प्रेशन चांगलं आहे, फ्लायव्हील फिरवताना खरखर नाही, तर इंजिन खोलूच नका.

खोलायची हौस असेल तर क्लच बेल (क्लचवरची वाटी) काढा. तिथली दोन चिमुकली बेअरिंगं, बऱ्याच ट्रकांत ५ बाय १० मिलिमीटरची, सगळ्यात जास्त उष्णता आणि धूळ खातात आणि सगळ्यात आधी जातात. बेल हाताने फिरवून बघा : अडखळली, खडखडली किंवा बाजूला डुलली तर दोन्ही एकदम बदला. बेल परत बसवताना तिचा गिअर आणि तो फिरवतो तो मोठा स्पर गिअर यांच्यामध्ये वहीच्या कागदाची पट्टी घालून इंजिनाचे स्क्रू आवळा. पट्टी फिरवून काढल्यावर तिच्यावर दात उमटलेले दिसावेत, पण ती फाटलेली नसावी. धातूत धातू जाणाऱ्या त्या स्क्रूंना निळं थ्रेडलॉक (स्क्रू सैल होऊ न देणारा चिकट द्रव) लावा. प्लॅस्टिकमध्ये जाणाऱ्यांना नाही.