अंगठ्याला बोल लावू नका

"मोबाइल आला आणि ऑनलाइन चर्चेचा दर्जा बुडाला. पूर्वी लोक संगणकासमोर बसून विचार करून लिहायचे, आता चालता चालता दोन ओळी खरडतात आणि शुद्धलेखनाच्या नावाने बोंब." अशा आशयाचा मजकूर सध्या बऱ्याच ग्रुपांवर फिरतोय. त्यामागची तळमळ मला कळते, पण दोषी भलताच धरला आहे.

आधी ते 'पूर्वी' पाहू. यूझनेट हे इंटरनेटवरचं जुनं चर्चापीठ १९८० पासूनचं. सगळे संगणकावरच लिहीत, आणि त्यातले बरेच विद्यापीठांतले. तरी वाद इतके पेटायचे की १९९० मध्ये यूझनेटवरच्याच माइक गॉडविन यांनी नियमच मांडला: चर्चा लांबत गेली की कोणीतरी हिटलरला मध्ये आणणारच. दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी येत, गोंधळ घालत, जुनी मंडळी त्यांना रीतभात शिकवत आणि काही दिवसांत सगळं मार्गी लागे. १९९३ पासून मात्र घरोघरच्या इंटरनेट ग्राहकांचा ओघ बारमाही झाला आणि शिकवणारे पुरेनात. जुन्यांनी त्याला नाव दिलं, 'कधीच न संपणारा सप्टेंबर'. आयफोन यायला तेव्हा १४ वर्षं बाकी होती! २०१६ मध्ये जिओ आल्यावर आपल्याकडेही असाच लोंढा आला, आणि त्यांना चर्चेची रीत सांगायला कोणी बसलं नव्हतं.

दुसरा आक्षेप आखूड उत्तरांचा. फोनवर उत्तरं आखूड होतात, हे खरंच आहे. लांब लेखातलं नेमकं वाक्य उचलून त्यावर मुद्देसूद लिहिणं तिथे जिकिरीचं, आणि मागचं न वाचता उत्तर ठोकून देणं सोपं. पण आखूड म्हणजे उथळ नव्हे. द्राक्ष बागायतदारांच्या ग्रुपवरची चर्चा बघा. बागेत उभा राहून एकजण पानाचा फोटो टाकतो. लगेच प्रश्न येतात: पान उलटं करून दाखवा. छाटणीला किती दिवस झाले? पाऊस झाला का? शेवटचा स्प्रे कशाचा? वरून तेलकट डाग आणि खालून पांढरी बुरशी असेल तर रोग डाऊनी, पानावर राख भुरभुरल्यासारखी दिसत असेल तर भुरी, आणि त्यावर फवारणीचा निर्णय ठरतो. चार-पाच शब्दांचे प्रश्न, पण प्रत्येक प्रश्नाने काहीतरी निश्चित होत जातं. टेबलावरच्या संगणकावर ही चर्चा झालीच नसती. तो बागेत नेता येत नाही, आणि गावाकडे अनेकांच्या घरात तो कधी आलाच नाही. ही माणसं बोलू लागली याला मी दर्जा वाढणं म्हणतो.

शुद्धलेखनाचं तर उलटंच आहे. संगणकाच्या जमान्यात एकाच्या फॉन्टमध्ये लिहिलेली मराठी दुसऱ्याच्या मशीनवर अगम्य खुणा होऊन उमटायची. म्हणून कितीतरी जण 'mi udya yeto'सारखं रोमनमध्ये लिहीत. युनिकोडने, म्हणजे सगळ्या मशीनवर अक्षरं सारखीच उमटवणाऱ्या पद्धतीने, तो घोळ मिटवला आणि फोनच्या कीबोर्डने देवनागरी सर्वांच्या हातात दिली. ऑगस्ट २०१७ पासून गूगलच्या कीबोर्डवर मराठी बोलूनही लिहिता येतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकतात, चुकू देत. ज्यांनी शाळा सोडल्यापासून मराठीत चार ओळी लिहिल्या नव्हत्या, ते आज परिच्छेद लिहिताहेत.

राहिला न वाचता पुढे ढकलण्याचा रोग. तो मलाही जाचतो. पण व्हॉट्सअ‍ॅपने २०१८ मध्ये भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवण्याची मर्यादा घातली. एप्रिल २०२० मध्ये खूप फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी जाईल असं केलं, आणि अशा मेसेजांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचं कंपनीनेच सांगितलं. लोकांच्या हातातले फोन तेच होते, बदलला तो फक्त नियम. तेव्हा जाब विचारायचा तर असे नियम ठरवणाऱ्या कंपन्यांना विचारा, आणि ग्रुपवर काहीही खपवून घेणाऱ्या अ‍ॅडमिनला.