कापड चढवण्याआधी कुणी पाहिलं?

कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या एका इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं. 2016 च्या फेब्रुवारीत ते वांद्रे-कुर्ला संकुलात लोकांनी पाहिलं, नोंदणी 2017 च्या नोव्हेंबरात झाली आणि उड्डाणाचा परवाना मिळायला 2019 चा ऑक्टोबर उजाडला. 2021 च्या ऑगस्टमध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या फुलसावंगीत स्वतः बांधलेल्या हेलिकॉप्टरची जमिनीवरच चाचणी घेताना पातं तुटलं आणि एका तरुण कारागिराचा जीव गेला. या दोन घटनांवर आपल्याकडे जो वाद झडतो, त्यात एक बाजू म्हणते बाबू लोक पोरांचे पंख कापतात, आणि दुसरी म्हणते असले उद्योग बंदच करा.

अमेरिकेत राहून हा वाद वाचताना दोन्ही बाजूंकडून एकच गोष्ट सुटलेली दिसते. इथे गॅरेजमध्ये विमान बांधायला घेण्यासाठी आधी कुणाची परवानगी लागत नाही. पण सांगाडा झाकण्याआधी जाणत्या माणसाने तो आतून पाहायचा, ही रीत घट्ट रुजली आहे. महाराष्ट्राला गरज आहे ती या मधल्या माणसाची.

बेअरहॉक पेट्रोल या दोन आसनी विमानाचं उदाहरण घेऊ. बॉब बॅरोज या अभियंत्याने केलेली ही रचना, नदीकाठच्या वाळू-गोट्यांवर किंवा गवताळ पट्टीवर उतरता यावं अशी. कोठा, म्हणजे माणसं बसतात ते मधलं धड, पोलादी नळ्यांचा आणि वरून कापड, पंख अॅल्युमिनियमच्या पत्र्याचे. तयार भागांचा संच नको असेल तर नुसते आराखडे घेऊन सगळं कच्च्या मालापासून करता येतं. फावल्या वेळात काम करणाऱ्याची त्यात बरीच वर्षं जातात. कायद्याची मुख्य अट अशी की निम्म्याहून जास्त काम हौशी माणसांनी शिकण्यासाठी किंवा छंद म्हणून केलेलं असावं, आणि फोटोंसकट त्याची वही असावी.

नळी 4130 क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या मजबूत पोलादाची, बऱ्याच ठिकाणी भिंत फक्त 0.035 इंच, म्हणजे एक मिलिमीटरही नाही. टोक माशाच्या तोंडासारखं घासून दुसऱ्या नळीवर फट न राहता बसवायचं. फट राहिली की वेल्डर ती भरायला जास्त ताव देतो आणि पातळ भिंत जळते. आधी सगळा सांगाडा जिगमध्ये, म्हणजे नळ्या जागच्या जागी धरणाऱ्या साच्यात, टॅकचे छोटे ठिपके मारून उभा करायचा, मगच आर्गन वेल्डिंगने आलटून पालटून सांधे पुरे करायचे. एका बाजूचे सांधे ओळीने संपवत गेलं तर शेपटी वाकडी होते, आणि पुढे ती कशानेच सरळ होत नाही. पंखा बंद, दार लोटलेलं, कारण गरम सांध्यावर वारा लागला की कडेला बारीक चीर पडते. दोन्ही टोकांनी बंद होणाऱ्या नळीला छोटं भोक ठेवावं लागतं, नाहीतर आतली तापलेली हवा शेवटचा थेंब बसू देत नाही, फुंकून बाहेर काढते. असा सांधा वरून गुळगुळीत दिसतो, आत पोकळ असतो. रंग आणि कापड चढल्यावर तो कुणालाच दिसणार नाही.

पत्र्याच्या कामाला मात्र मोजपट्टी पुरते. पत्रे जोडणारी 1/8 इंची भरीव रिव्हेट ठोकल्यावर तिचं मागचं डोकं 3/16 इंच रुंद आणि 1/16 इंच उंच भरलं पाहिजे. भोकाचं केंद्र पत्र्याच्या कडेपासून व्यासाच्या किमान दुप्पट आत. भोकाची बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार किनार, काढली नाही तर सततच्या ताणाने पडणारी थकव्याची चीर तिथूनच धावते. कोठ्यावरचं कापड इस्त्रीने आवळतात, पॉलिफायबर नावाच्या पद्धतीत आधी 250 आणि शेवटी 350 अंश फॅरनहाइट. त्यापुढे गेलं तर ते आवळायचं सोडून सैल पडू लागतं, म्हणून इस्त्री तापमापकाने तपासल्याशिवाय हातात घ्यायची नाही.

नव्या विमानाचा घात बहुतेक वेळा इंजिन बंद पडण्याने किंवा ताबा सुटण्याने होतो. म्हणून इंधनाची चाचणी चुकवण्यासारखी नाही. 180 अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात तासाला साधारण 60 लिटर पितं. वरच्या पंखातून नुसत्या उताराने इंधन येत असेल तर त्याच्या दीडपट प्रवाह हवा, म्हणजे मिनिटाला दीड लिटर. विमानाचं नाक चढाईच्या सर्वांत तीव्र कोनात उचलायचं, टाकीत अगदी थोडं इंधन ठेवायचं, इंजिनात इंधन-हवा मिसळणाऱ्या कार्ब्युरेटरजवळ नळी सोडवून मापाच्या भांड्यात धरायची आणि घड्याळ लावायचं. प्रत्येक टाकी वेगळी.

सरकारी निरीक्षक येतो तो शेवटी, आणि तेव्हा बरंचसं झाकलेलं असतं. खरं काम त्याआधी होतं. 1953 साली पॉल पोबेरेझ्नी यांनी सुरू केलेल्या एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशनचे तांत्रिक सल्लागार घरी येतात, फुकट. सांगाडा वेल्ड झाल्यावर, पंख बंद करण्याआधी, कापडाआधी त्यांना बोलवावं. ते प्रमाणपत्र देत नाहीत. आरसा-टॉर्च घेऊन सांधे बघतात आणि हा कापून पुन्हा कर, असं तोंडावर सांगतात.

तरी अमेरिका म्हणजे आदर्श, असं मानायचं कारण नाही. 2011 साली हौशी बांधणीची विमानं इथल्या खासगी-हौशी उड्डाणाच्या ताफ्यात जवळपास 10 टक्के होती, पण जीवघेण्या अपघातांत त्यांचा वाटा सुमारे 21 टक्के होता. हे राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाच्या 2012 च्या अभ्यासातून पुढे आलं. बंदी आली नाही. इंधनाच्या चाचणीची लेखी नोंद असावी अशी शिफारस झाली, आणि सुरुवातीच्या चाचणी उड्डाणांत दुसरा पात्र वैमानिक सोबत नेण्याची वाट 2014 मध्ये मोकळी झाली. चाचणीचे तास तर आधीपासूनच आहेत, इंजिन आणि पुढच्या पंख्याची जोडी प्रमाणित असेल तर सहसा 25, नसेल तर 40. तेवढे होईपर्यंत प्रवासी नाही आणि वस्तीवरून उडायचं नाही.

फुलसावंगीच्या त्या तरुणाकडे हुनर होतं, चिकाटी होती. आकडे जुळवून दाखवणारा आराखडा आणि आधी पाते तपासणारा जाणता माणूस त्याच्या आवाक्यात असता, तर निदान आशा होती. हे दु:ख नुसतं कौतुक करून किंवा नुसती बंदी घालून भरून निघत नाही.

आणि अशी माणसं महाराष्ट्रात नाहीत असं कसं म्हणावं? ओझरला एचएएलमध्ये लढाऊ विमानांवर हात बसलेले फिटर दरवर्षी निवृत्त होतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आणि भोसरीत आर्गनवाले आहेत. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने अशा निवृत्तांना टप्प्याटप्प्याच्या तपासणीचा अधिकार द्यावा, माहितीतल्या आराखड्यांची यादी करावी आणि चाचणीच्या तासांची अट घालावी. मग प्रत्येकाला एकट्याने वर्षानुवर्षं मंत्रालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागणार नाहीत. मालाचाही प्रश्न आहे. फर्निचरची शिवण असलेली नळी रंगवली की क्रोमोलीसारखीच दिसते, पण तिची ताकद बरीच कमी असते. म्हणून गिरणीचं प्रमाणपत्र नसलेली नळी घ्यायचीच नाही, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

ज्याला आजच हात लावायचा आहे त्याने विमानाच्या आधी 0.035 इंची नळीचे दहा-बारा नमुना सांधे करावेत आणि करवतीने उभे चिरून जाणत्या वेल्डरसमोर ठेवावेत. वितळण कडेपर्यंत पोचली आहे की नुसती वर बसली आहे, ते तो तिथेच बोट ठेवून दाखवेल.