ताई, त्या यादीत किमती नव्हत्या

ताई, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया वाचून चार दिवस झाले. लगेच उत्तर दिलं नाही, कारण पहिल्या दिवशी जे लिहिलं होतं त्यात मी फक्त स्वतःची बाजू सावरत होतो. ते पुसलं आणि पुन्हा बसलो.

बाकीच्यांना विषय कळावा म्हणून थोडक्यात सांगतो. लाकडाच्या लेथवर (लाकूड फिरतं ठेवून पात्याने त्याला घाट देतात, म्हणजे कातात, ते यंत्र) सुरुवात करणाऱ्यांसाठी मी तीन वर्षांपूर्वी एक लेख लिहिला होता. त्यात चौदा हत्यारांची यादी होती आणि शेवटी एक वाक्य होतं: ‘पार्सल ऑफिसच्या पत्त्यावर मागवा, घरी विचारलं तर जुनंच आहे म्हणा.’ ताईंच्या यजमानांनी तो लेख वाचून दीड वर्षापूर्वी लेथ घेतलं. लेथ दोघांच्या विचाराने घेतलं. त्यानंतर मात्र १ लाख ४० हजारांची हत्यारं आली, ती दिरांच्या दुकानात उतरत होती, आणि ताईंना हे कळलं ते पतसंस्थेचा हप्ता चुकल्यावर. त्यांचे मुद्दे तीन. यादी देणाऱ्याने एकाही हत्याराची किंमत लिहिली नाही. वर खोटं बोलायला शिकवलं. आणि हा सगळा पैसेवाल्यांचा खेळ आहे, साध्या घरात लेथ असूच नये, विकून टाकावं.

पहिले दोन मला पूर्ण मान्य आहेत. तिसरा नाही.

दुसऱ्या मुद्द्यापासून सुरुवात करतो, कारण तुम्हाला तोच जास्त लागलाय. ते वाक्य मी कल्पनेने लिहिलं नव्हतं. तेव्हा मी तसंच वागत होतो. माझं लेथ घेतलं ते उघडपणे, दिवाळीच्या बोनसमधून, ४८ हजारांना. बायको दुकानात बरोबर होती. पुढची हत्यारं मात्र कंपनीच्या गेटवर, सिक्युरिटीच्या केबिनमध्ये उतरायची आणि डब्याच्या पिशवीतून घरी यायची. मी शक्यतो बिनमुठीची मागवायचो. बाभळीचा एक मोठा ओंडका होता, त्यातूनच सगळ्या मुठी कातायच्या, सगळ्यांचा घाट एक, सगळ्यांना जवसाचं तेल. नवं हत्यार जुन्यांच्या शेजारी टांगलं की आठवड्याभरात वेगळं ओळखू येत नसे. त्या मुठी मी फार मन लावून केल्या. त्या काळातलं माझं सगळ्यात चांगलं काम तेच होतं, आणि ते फसवण्यासाठी केलेलं होतं.

आमच्याकडे खंडेनवमीला शेडमधल्या हत्यारांची पूजा होते. बायको धुतलेली सतरंजी अंथरते, हत्यारं ओळीने मांडते, एकेका पात्याला हळद-कुंकू लावते, लेथला झेंडूची माळ घालते. त्या वर्षी मांडलेली पंधरा होती. आणखी सहा मी आदल्या रात्री ढलप्यांच्या पोत्यात खुपसून ठेवली होती. कुंकू लावता लावता ती थांबली आणि म्हणाली, “गेल्या वर्षी नऊ होती ना हो?” मी म्हणालो, “तीच आहेत, काही मागे पडून होती. मुठी बदलल्यात.” हात जोडलेले असताना म्हणालो. तिने पुढच्या पात्याला कुंकू लावलं.

डिसेंबरात मुलीच्या हॉस्टेलचा हप्ता भरायचा होता. बायको म्हणाली, एफडी मोडायला नको, तुमच्या कार्डावर भरू आणि पगारात फेडू. कार्डावर ९७ हजार थकले होते. तेव्हा सांगावं लागलं. मी आपणहून सांगितलं असं म्हणता येणार नाही. ती बराच वेळ ओट्यापाशी पाठमोरी उभी होती. मग म्हणाली, “खंडेनवमीला विचारलं होतं मी.”

रकमेबद्दल त्या दिवशी तिने एक शब्द विचारला नाही. तो विषय दोन आठवड्यांनी निघाला, आणि तेव्हा मला कळलं की त्या वर्षी तिने दाढेची कॅप दोनदा पुढे ढकलली होती. साडेसहा हजारांची कॅप. ‘या महिन्यात नको, बघू’ असं ती म्हणाली होती आणि मी मान डोलावली होती. त्याच महिन्यात मी ७,८०० रुपयांचं बोल गाऊज, म्हणजे वाडगे कातायचं पन्हळीसारखं हत्यार, घेतलं होतं. ते हातात घेतलं की मला अजून ती दाढ आठवते.

हे दोन वर्षांपूर्वीचं. म्हणजे तुमच्या यजमानांनी माझा लेख वाचला तेव्हा मी घरी सगळं कबूल केलेलं होतं, कार्ड फेडत होतो, आणि तरी ते वाक्य तसंच ठेवलं होतं. वाचणारे त्याच्यावर हसायचे, मला बरं वाटायचं. त्याबद्दल मी तुमची माफी मागतो. वाक्य काढलंय आणि ते का काढलं हे त्याच जागी लिहिलंय.

आता यादी.

चौदा हत्यारं लागत नाहीत. ती वाढतात कशी, हे मात्र नीट सांगायला हवं, कारण तुमच्या घरी काय झालं ते त्यातून कळेल. नवशिक्या माणूस वाडगा कातायला घेतो. फिरणाऱ्या लाकडाच्या दोन बाजूंना पातं तंतूंच्या उलट जातं, तिथे तंतू उपटले जातात आणि वाडग्याला दोन ठिकाणी खरखरीत डाग पडतात. त्याला वाटतं, हत्यार चुकीचं आहे. बहुतेक वेळा फक्त धार गेलेली असते. बाभूळ, चिंच असल्या कडक लाकडावर ती दहा-पंधरा मिनिटांत जाते. ग्राइंडरवर पुन्हा तीच धार, त्याच कोनात काढणं हीच या कामातली खरी विद्या, आणि ती हाताला बसायला मला वर्ष लागलं. आपले साधे बेंच ग्राइंडर मिनिटाला २,८०० च्या आसपास फेरे घेतात. साध्या कार्बन स्टीलचं पातं तिथे जरा जास्त टेकलं की निळं पडतं, त्याचं पाणी उतरतं, म्हणजे कडकपणा जातो. हायस्पीड स्टीलचं तसं होत नाही, पण हात स्थिर नसेल तर त्यालाही एका कोनाऐवजी तीन पैलू पडतात आणि ते लाकडावर नुसतं घासत राहतं.

अशा वेळी माणूस नवं हत्यार मागवतो. ते कारखान्यातून बऱ्यापैकी धार लावून आलेलं असतं. पहिला वाडगा सुरेख निघतो, ढलप्या रिबिनीसारख्या उडतात. त्याला वाटतं, बघा, हत्याराचाच फरक होता. पंधरा मिनिटांनी तेही बोथट होतं. मग पुढचं पार्सल. मी सात-सात हजारांना पंधरा मिनिटांची धार विकत घेत होतो.

लपवण्यामुळे यात आणखी भर पडते. लपवलेलं हत्यार बायको घरात असताना काढता येत नाही, म्हणजे सराव ती माहेरी गेली तरच. सराव नाही म्हणून धार जमत नाही, धार जमत नाही म्हणून पुन्हा खरेदी. आणि लपवलेला खर्च वहीत लिहायचा नसतो, त्यामुळे त्याची बेरीज कधीच होत नाही. मी मनात ९०-९५ हजार धरून चाललो होतो. आम्ही दोघांनी बसून बिलं, कुरिअरच्या आणि कस्टम ड्यूटीच्या पावत्या एकत्र लावल्या तेव्हा आकडा २ लाख १३ हजार निघाला, व्याज सोडून. माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के होतं, म्हणजे वर्षाला बेचाळीस. नुसती किमान रक्कम भरत राहिलं की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत, घेतल्या दिवसापासून व्याज लागतं. हे मला कार्ड घेतल्यापासून माहीत असायला हवं होतं. मी स्टेटमेंट उघडतच नव्हतो.

तुमच्या प्रतिक्रियेखाली दोघांनी माझी बाजू घेतली आहे. कमावत्या माणसाने स्वतःच्या पैशाचा हिशोब का द्यावा, आणि दारू-जुगारापेक्षा हे बरं, असं त्यांचं म्हणणं. मला ती बाजू नको. आमची एफडी दोघांच्या नावाने आहे, आणि दाढ ठणकत असताना ती घरखर्चाचा मेळ घालत होती तो माझ्याच पगारातून. मी दारू पीत नाही, याबद्दल तिने माझे आभार मानावेत असं मला वाटत नाही.

आता खरी यादी, किमतींसह. हे मी दिलेले भाव आहेत, आज थोडे वरखाली असतील. लांबट कामासाठी, म्हणजे लाटणं, मुठी, देव्हाऱ्याचे खांब यांसाठी, एक रफिंग गाऊज (ओबडधोबड लाकूड गोल करायला), एक स्क्यू (तिरप्या धारेचं, गुळगुळीत करायला) आणि एक पार्टिंग टूल (खाच पाडून तुकडा वेगळा करायला). देशी हायस्पीड स्टीलची तिन्ही मिळून साडेपाच हजार. वाडगे करायचे असतील तर एक बोल गाऊज आणि एक गोल तोंडाचं स्क्रेपर, म्हणजे खरवडायचं पातं. बोल गाऊजमध्ये कंजुषी करू नये, इंग्लंडमधल्या शेफिल्डचं घेतलं तर ड्यूटीसकट सात-आठ हजार जातात, पण एकच पुरतं. रफिंग गाऊज वाडग्याला कधीही लावू नये. त्याचं मुठीत जाणारं टोक अरुंद असतं आणि झटका बसला की तिथेच मोडून अंगावर येतं. ही सूचना माझ्या जुन्या लेखात नव्हती, चौदा नावं मात्र होती. ग्राइंडर पाच हजारांचा, त्यावर पांढरा दगड, आणि धारेचा गाइड (पातं एका कोनात धरून ठेवणारा) प्लायवूडचा घरी करता येतो. मी विकतचा अकरा हजारांना आणला होता. चार जबड्यांचा चक, म्हणजे लेथवर लाकूड पकडणारा पंजा, पहिल्या वर्षी लागत नाही. फेसप्लेटला, म्हणजे लेथवर फिरणाऱ्या धातूच्या चकतीला, फालतू लाकडाचा ठोकळा स्क्रूने बसवावा, त्यावर काम फेव्हिकॉलने चिकटवावं, मधे कागद ठेवावा. काम झालं की पटाशीच्या एका ठोक्याने कागदातून सुटतं. तोंडावरची पूर्ण शील्ड आणि धुळीचा चांगला मास्क यात पैसे वाचवू नयेत, शिसवाची धूळ तर फार बाधते. लाकूड विकत घेऊच नये. पावसाळ्यात रस्तोरस्ती रेनट्री, सुबाभूळ, आंबा पडलेला असतो. विचारून उचलावा, ओल्यातच जाडसर कातून टोकांना रंग फासावा आणि कागदी पिशवीत महिनोन्‌महिने विसरून जावा.

सगळं मिळून लेथ सोडून पंचवीस हजारांच्या आत बसतं. हे मी तीन वर्षांपूर्वी लिहिलं असतं तर तुमच्या घरचे लाखभर रुपये कदाचित वाचले असते.

राहिला तुमचा तिसरा मुद्दा. ताई, कातकाम हा श्रीमंतांचा खेळ नाही. कातारी गरीबच होते. तुमच्या घरातलं लाटणं, ताक घुसळायची रवी, जुन्या पाळण्याचे खांब, मुलांचा भोवरा, हे सगळं कुणीतरी कातलेलं आहे, आणि कातणाऱ्याकडे शेफिल्डचं काही नव्हतं. सावंतवाडीला चितार आळीत मी एका कारागिरापाशी दुपारभर बसलो होतो. पांगाऱ्याच्या लाकडाची फळं करत होते. त्यांच्याजवळ चार हत्यारं होती, एकाचं पातं झिजून बोटभर उरलं होतं. दर थोड्या वेळाने ते न बोलता दगडावर पाणी टाकून पातं घासायचे आणि पुन्हा कामाला लागायचे. मी तिथून आलो आणि तरीही त्यानंतर पाच हत्यारं मागवली, हेही खरं आहे. पण दोष त्या लाकडाचा नव्हता. संध्याकाळी तासभर लेथपाशी उभं राहिलं की माझ्या डोक्यातला कारखाना बंद होतो. तुमच्या यजमानांना तिथे काही मिळत असेल तर ते काढून घेऊ नका, एवढीच विनंती. निर्णय तुमचा.

यजमान हे वाचत असतील तर त्यांना दोन शब्द. दादा, भावाच्या दुकानात अजून काही ठेवलं असेल तर ते आजच घरी आणा. ताईंना सापडलेलं सोडून जे सापडलेलं नाही तेही. सगळं सतरंजीवर मांडा, प्रत्येकाची किंमत कागदावर लिहून शेजारी ठेवा, बेरीज त्यांना करू द्या. मी पहिल्या दिवशी पंधरा दाखवली होती, पोत्यातली सहा आठ दिवसांनी. ते आठ दिवस मी आयुष्यात परत मागून घेईन. पाच हत्यारं ठेवा, बाकीची विका. चांगल्या स्टीलला घेणारे मिळतात, माझी निम्म्या किमतीला गेली. ते पैसे आधी पतसंस्थेत भरा.

आमच्याकडे आता दोघांना महिन्याला दीड-दीड हजार आहेत, त्याचा हिशोब कुणी कुणाला विचारत नाही. त्यावरचं काहीही घ्यायचं तर आधी बोलायचं आणि स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहायचं. पार्सल घरच्या पत्त्यावर येतं. गेल्या खंडेनवमीला सतरंजीवर सात हत्यारं होती. तिने मोजली, मला दिसलं. अजून काही वर्षं ती मोजणार आणि ते तिने मोजावं.

वर ९७ हजार लिहिलंय, ते माझ्या आठवणीत ९४ होते. हे उत्तर टाकण्याआधी तिला वाचायला दिलं, तेव्हा तिने आकडा दुरुस्त केला. स्टेटमेंट तिच्याकडे आहे.