'काकू, राग मानू नका' : एका प्रतिक्रियेला उत्तर

स्पेनमधल्या टोलेडो शहरावरच्या 'टोलेडो एका दिवसात' या माझ्या मागच्या लेखावर एक प्रतिक्रिया आली आहे. उत्तर लांबणार आहे, म्हणून आधी ती जशीच्या तशी देते.

"काकू, राग मानू नका, पण आठ तासांत शहर 'पाहिलं' म्हणणं म्हणजे एसटीच्या खिडकीतून पंढरपूर पाहिल्यासारखं आहे. 'ख्रिस्ती, मुस्लिम आणि ज्यू असे तीन धर्म गुण्यागोविंदाने नांदले' हे गाइडचं वाक्य तुम्ही उतरवून काढलंत. ज्यूंची १३९१ ची कत्तल, धर्मांतरित ज्यूंविरुद्धचा १४४९ चा उठाव, १४९२ ची ज्यूंची हकालपट्टी कुठे गेली? क्रिस्तो दे ला लुस मशीद गायब, महाराजांच्या तलवारीची दंतकथा मात्र आहे. शिवाय उच्चार तोलेदो आहे. मी सहा वर्षं माद्रिदला राहतो, चारदा जाऊन आलोय, म्हणून सांगतो."

नमस्कार. राग आलेला नाही. (आला होता, शुक्रवारी. आज सोमवार आहे.)

उच्चाराचं तुमचं बरोबर. स्पॅनिशमध्ये आपला 'ट' नाही आणि 'ड'ही नाही. मुलाने तिथे दोनदा सांगितलं होतं, लिहिताना हात जुन्या सवयीने गेला. यापुढे तोलेदो. चूक कबूल करायला मला कधीच कमीपणा वाटलेला नाही, हे माझे जुने वाचक सांगतील.

आता 'काकू'. लेखाखाली माझं नाव आहे, ते वाचायला खिडकीसुद्धा लागत नाही. माझ्याच वयाच्या एखाद्या पुरुषाने हा लेख लिहिला असता, तर तुम्ही 'काका, राग मानू नका' अशी सुरुवात केली असती का? 'सर' म्हणाला असता. आणि 'राग मानू नका'चं म्हणाल, तर एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर काढली आहेत मी. "मॅडम, राग मानू नका" म्हणून सुरुवात करणारा माणूस पुढच्या मिनिटाला पासबुक आपटतो, हे मला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. मुद्दा मांडा की, कोण अडवतंय? पण सूर नावाची काही गोष्ट असते.

आणि पंढरपूर. लेखात मी लिहिलं होतं की ताहो नदी तोलेदोला तीन बाजूंनी वळसा घालते, ते पलीकडच्या टेकडीवरून पाहताना मला चंद्रभागा आठवली. भीमेला आमच्याकडे चंद्रभागा म्हणतात ते तिच्या चंद्रकोरीसारख्या वळणामुळेच. तुम्ही तेच उचलून माझ्यावर फेकलंत. ठीक आहे, मग ऐकाच.

मी पंढरपुरात जन्मले, लग्न होईपर्यंत तिथेच वाढले. आमचं महाद्वाराजवळ चुरमुरे-बत्ताशांचं दुकान होतं. बुक्का, कुंकू, तुळशीच्या माळा. एका दिवसासाठी शहरात येणारी माणसं मी लहानपणापासून पाहत आले आहे. आषाढीला तासन्‌तास दर्शनबारीत उभं राहून विठ्ठलाच्या पायांवर डोकं ठेवायला त्यांना काही सेकंद मिळतात. तेही ज्यांना जमत नाही, ते नामदेव पायरीला हात लावतात, कळसाकडे बघून हात जोडतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. लातूरकडची एक म्हातारी दरवर्षी आमच्या फळीवर टेकायची. एकदा सांगत होती, देवाच्या डाव्या पायाशी तुळशीचं एक पान उलटं पडलं होतं, ते सरळ करावं म्हणून हात पुढे केला तेवढ्यात मागून ढकललं. काही सेकंदांत तिने ते पान पाहिलं होतं. आणि आम्ही? देवळापासून हाकेच्या अंतरावर राहणारे? वर्ष वर्ष आत पाऊल टाकायचो नाही. तिला कुणी म्हणालं नाही की आजी, राग मानू नका, तुम्ही पंढरपूर पाहिलंच नाही.

तोलेदोत मी सान्तो तोमे चर्चमध्ये पाऊण तास उभी होते. दोन्ही गुडघे बदललेले आहेत माझे, हे मागच्या वर्षीच्या लेखांत येऊन गेलंय. चित्रकार एल ग्रेकोचं 'ऑर्गासच्या सरदाराचं दफन' हे चित्र समोर होतं, १५८६ ते ८८ मध्ये काढलेलं. दोन संत स्वर्गातून उतरून सरदाराचं प्रेत हातांवर घेतात. पाय धरणारा तरुण संत स्तेफान. त्याला दगडांनी ठेचून मारलं होतं, आणि त्याच्याच अंगरख्यावर, खाली काठाशी, तो दगडफेकीचा प्रसंग भरतकामात काढलेला आहे. आपलं मरण अंगावर वागवत तो दुसऱ्याचं प्रेत उचलतोय. डाव्या कोपऱ्यात काळ्या कपड्यांतला एक मुलगा आपल्याकडे बघत मृताकडे बोट दाखवतो. तो चित्रकाराचा मुलगा. त्याच्या खिशातून पांढऱ्या रुमालाचं टोक बाहेर आलंय, त्यावर बापाची ग्रीक अक्षरांतली सही आणि १५७८, म्हणजे मुलाचं जन्मसाल. मी उभी होते तेवढ्यात तीन ग्रुप आले नि गेले. तुमच्या चार खेपांत रुमाल दिसला का, एवढंच विचारते.

खेपांवरून आठवलं. माद्रिदच्या अतोचा स्टेशनवरून वेगवान गाडी तेहतीस मिनिटांत तोलेदोला पोचवते. तेव्हा तुम्ही चारही वेळा रात्री घरी जाऊन झोपला असणार. म्हणजे चार वेळा एकेक दिवसच की. माझा एक दिवस खिडकीतला आणि तुमचे चार अभ्यासाचे, हे गणित मला बँकेत कुणी शिकवलं नाही.

सकाळी कॅथीड्रलमध्ये होते. १२२६ ला पाया घातलेली ती इमारत १४९३ ला पुरी झाली, एवढं मी लिहिलं होतं. वेदीमागे त्रान्सपारेन्ते नावाची शिल्पांची भव्य रचना आहे, त्यावर उजेड पडावा म्हणून नार्सिसो तोमेने अठराव्या शतकात थेट छतच फोडलं, तेही लिहिलं होतं. लिहायचं राहिलं ते एवढंच की काही कार्डिनलांच्या, म्हणजे बड्या धर्मगुरूंच्या, थडग्यांवर त्यांच्या लाल टोप्या छताला टांगलेल्या आहेत. त्या कुणी काढत नाही, आपोआप कुजून पडेपर्यंत तशाच ठेवतात. मान वर करून बघावं लागतं. एसटीच्या खिडकीतून दिसत नाहीत.

राहिले इतर मुद्दे. मशीद राहिली, कारण पाय राहिले. ती ९९९ सालची आहे, पुढच्या खेपेपर्यंत टिकेल. शिवाजी महाराजांची तलवार तोलेदोची, याबद्दल मी 'असं सांगतात' लिहिलं होतं आणि ते सांगतातच. फिरंग, म्हणजे परदेशी पात्याची तलवार, हा शब्द तरी तुम्हाला मान्य असावा.

इतिहासाचं म्हणाल, तर मी प्रवासवर्णन लिहिते, पेपर तपासायला देत नाही. प्रत्येक वाक्याच्या मागे सनावळी लावली तर वाचणार कोण? 'गुण्यागोविंदाने' हा शब्द माझाच, गाइडचा नाही. तो इंग्रजीत बोलत होता. एल त्रान्सितो सिनेगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, भिंतीवरचं चुन्यातलं कोरीवकाम मी जवळून पाहिलंय. एकाच भिंतीवर हिब्रू अक्षरं, अरबी अक्षरं, आणि मध्ये कास्तिलच्या ख्रिस्ती राजाच्या राजचिन्हातले किल्ले नि सिंह. ते बघून जे वाटलं ते लिहिलं. ते बांधणारा सामुएल हा-लेवी राजा पेद्रोचा खजिनदार होता, आणि त्याच राजाने पुढे त्याला कैदेत टाकलं, तिथे छळात तो मेला, हे मलाही ठाऊक होतं. लेख आधीच लांबला होता म्हणून गाळलं. १४४९ वर तुम्हीच लिहा, मी दुवा देईन.

शीर्षकात 'टोलेडो'चं 'तोलेदो' केलं आहे. 'एका दिवसात' तसंच ठेवलं आहे.