कुकरमधलं वरण विष नाहीये हो! त्या व्हायरल मेसेजला एकेक करून उत्तर

परत एकदा तो मेसेज फिरायला लागलाय. वर मोठ्या लाल अक्षरात "प्रेशर कुकरमधली डाळ म्हणजे विष" आणि खाली मुद्दे, ते थोडक्यात असे: कुकरमध्ये डाळ शिजत नाही नुसती फुटते, 87 टक्के पोषण जळून जातं, 13 टक्केच उरतं आणि मातीच्या भांड्यात मात्र शंभरच्या शंभर टक्के राहतं, वर येणारा फेस म्हणजे युरिक अ‍ॅसिड, तो कुकरमध्ये काढता येत नाही म्हणून गुडघे धरतात, अ‍ॅल्युमिनियम पोटात जातं, आणि शिजताना ज्या अन्नाला ऊन-वारा लागत नाही ते खाऊच नये. शेवटी "10 जणांना पाठवा" आहेच.

माझी नणंद सकाळी घरातल्या सगळ्यांचे डबे भरून लोकल पकडते. तिने हे वाचून मला विचारलं की वहिनी, मग आता पहाटे उठून मातीच्या भांड्यात डाळ रटरटत ठेवायची का, इतकी वर्षं पोरांना काय विष घातलं का मी. मला फार वाईट वाटलं आणि रागही आला, कारण असले मेसेज वाचून अपराधी वाटतं ते घरात रोज स्वयंपाक करणाऱ्या बाईलाच. म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहितेय, ज्यांना हा मेसेज आलाय त्यांनी नीट वाचा.

"डाळ शिजत नाही, फुटते." शिजणं म्हणजे काय ते आधी बघू. डाळीतला स्टार्च पाणी पिऊन फुगतो, प्रथिनांची घडी उलगडते आणि दाण्याला घट्ट धरून ठेवणारं पेक्टिन विरघळतं म्हणून दाणा मऊ होतो, बस, यालाच शिजणं म्हणतात. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशाला उकळतं, पुण्यात 98 च्या आसपास, महाबळेश्वरला 95-96 ला, आणि त्याच्यापुढे कितीही गॅस मोठा केला तरी तापमान वर जात नाही. कुकरमध्ये वाफ कोंडल्यामुळे तेच पाणी साधारण 120 अंशापर्यंत जातं, म्हणून जे पातेल्यात तासाभरात होतं ते इथे पंधरा-वीस मिनिटांत होतं. काम तेच, वेळ कमी. वरण न शिजण्याची खरी कारणं वेगळीच असतात, डाळ जुनी असेल किंवा बोअरचं जड पाणी असेल (त्यातलं कॅल्शियम पेक्टिनला घट्ट करतं) किंवा टोमॅटो-चिंच आधीच टाकली असेल तर मग पातेलं घ्या नाहीतर कुकर घ्या, दाणा टणकच राहणार.

"87 टक्के पोषण जातं." कशाचं 87 टक्के ते मेसेजमध्ये कुठेच नाहीये, आणि तिथेच कळतं की आकडा हवेतला आहे. डाळीत प्रथिनं आहेत, लोह, झिंक, मॅग्नेशियम आहे, फायबर आहे, बी गटातली जीवनसत्त्वं आहेत, ह्या सगळ्यांचं उष्णतेशी वागणं वेगवेगळं, सगळ्यांना एकच टक्का लागूच होऊ शकत नाही. खनिजं तर जळतच नाहीत, फार तर पाण्यात उतरतात आणि वरणाचं पाणी आपण फेकत नाही, पितो. प्रथिनं उलट शिजल्यावर जास्त चांगली पचतात, कारण कच्च्या डाळीत पचनाला आडवे येणारे घटक असतात ते उष्णतेने निकामी होतात. कमी होतात ती थायमिन (बी 1) आणि फोलेटसारखी नाजूक जीवनसत्त्वं, पण ती मातीच्या भांड्यातही कमी होतात, तिथे तापमान कमी असलं तरी वेळ खूप जास्त लागतो ना. त्यामुळे "शंभर टक्के राहतं" हे कुठल्याच भांड्याबद्दल खरं नाही. बरं, जीवनसत्त्व वाचवायचंच असेल तर डाळ लवकर शिजावी म्हणून जो चिमूटभर खायचा सोडा घालतात तो बंद करा, सोड्याने थायमिनचं खरंच नुकसान होतं. ह्याबद्दल मात्र मेसेजमध्ये अक्षर नाही.

आता फेसाचं, कारण ह्यानेच लोक सगळ्यात जास्त घाबरलेत. डाळीला उकळी आली की वर जो पांढरट-पिवळट फेस जमतो त्यात सॅपोनिन असतात, थोडी विरघळलेली प्रथिनं आणि स्टार्च असतो. रिठ्याला फेस येतो तोही सॅपोनिनमुळेच. युरिक अ‍ॅसिड डाळीवर तरंगत नसतं, ते आपल्या शरीरात तयार होतं, प्युरिन नावाचे घटक मोडले की. डाळींमध्ये प्युरिन मध्यम प्रमाणात आहेत हे खरं, पण फेस चमच्याने काढून टाकला म्हणून ते जात नाहीत. आणि 2004 साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एक मोठा अभ्यास आला होता, अमेरिकेतल्या 47 हजारांहून जास्त पुरुषांवर 12 वर्षं लक्ष ठेवलेलं, त्यात मांस आणि मासे जास्त खाणाऱ्यांना गाऊटचा (युरिक अ‍ॅसिड सांध्यात साचून होणाऱ्या संधिवाताचा) धोका वाढलेला दिसला, पण शेंगा, डाळी, पालक अशा प्युरिनवाल्या शाकाहारी पदार्थांनी तो वाढलेला दिसला नाही. ज्यांना गाऊट आहेच त्यांनी आपल्या डॉक्टरांचं ऐकावं, ते वेगळं. पण चाळिशी-पन्नाशी उलटलेल्या बायकांचे गुडघे दुखतात त्यामागे बहुतेक वेळा सांध्याची झीज असते, गाऊट बऱ्याचदा पायाच्या अंगठ्यापासून सुरू होतो. गुडघे दुखतायत म्हणून कुकर माळ्यावर टाकून उपयोग नाही हो, दाखवून घ्या.

फेसाची एक काळजी मात्र खरी आहे. डाळ डब्यात न ठेवता थेट कुकरमध्ये लावली आणि कुकर गळ्यापर्यंत भरला की फेस वर चढून शिट्टीच्या नळीत अडकतो आणि वाफेची वाट बंद होते, हे धोक्याचं. म्हणून डाळ अर्ध्या कुकरच्या वर नको, डाळ धुताना पाणी नितळ येईपर्यंत धुवायची, वरून अर्धा चमचा तेल सोडायचं म्हणजे फेस बसतो, आणि ती नळी अधूनमधून उजेडाकडे धरून आरपार दिसतंय का बघायचं.

अ‍ॅल्युमिनियमच्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करायलाच हवं. साध्या, कोटिंग नसलेल्या अ‍ॅल्युमिनियममध्ये आंबट आणि खारट पदार्थ शिजवले किंवा रात्रभर ठेवले तर धातू अन्नात उतरतो. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ (संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना) यांच्या तज्ज्ञ समितीने 2011 मध्ये शरीराच्या दर किलो वजनामागे आठवड्याला 2 मिलिग्रॅम अशी मर्यादा सांगितलीय, म्हणजे 60 किलोच्या माणसाला आठवड्याला 120 मिलिग्रॅम. निरोगी किडनी अ‍ॅल्युमिनियम बाहेर टाकते, किडनीचा आजार असेल त्यांनी मात्र खरंच जपावं. पण आपल्या मराठी घरात कुकर लावतात कसा ते आठवा! तळाला पाणी, त्यात जाळी, त्यावर डाळीचा डबा, त्यावर भाताचा, आणि डबे स्टीलचे. डाळ अ‍ॅल्युमिनियमला लागतच नाही की. तळाच्या पाण्यात आपण चिंचेचं बुटुक किंवा लिंबाची पिळलेली फोड टाकतो कुकर काळा पडू नये म्हणून, ते पाणीही अन्नात जात नाही, ते ओतूनच द्यायचं. तरी मनात शंका राहत असेल तर पुढचा कुकर स्टीलचा घ्या, आयएसआय मार्क बघून. पण आहे तो घाबरून भंगारात देऊ नका.

ऊन-वाऱ्याचा मुद्दा मला कळलाच नाही. चुलीवरच्या पातेल्याला ऊन कधी लागायचं? मोदक वाफेवर झाकूनच होतात, अळूवडीचे उंडे तसेच, झाकणात पाणी ठेवून केलेली फरसबीची भाजी तशीच. रायगडकडची पोपटी घ्या, मातीचंच मडकं, आत वालाच्या शेंगा, तोंड भांबुर्डीच्या पाल्याने गच्च बंद, मडकं उपडं घालून भोवती जाळ आणि तेही थंडीतल्या रात्री! तिला ना ऊन ना वारा, आणि पिढ्यानपिढ्या लोक खातायत. उलट हवा जास्त लागली की सी जीवनसत्त्व लवकर जातं आणि उजेडाने बी 2 कमी होतं, म्हणजे झाकण असलेलं बरंच.

मातीच्या भांड्याशी माझं काही वैर नाही, चव छान येते, सुट्टीच्या दिवशी जरूर करा. फक्त आतून चकचकीत रंगवलेलं घेऊ नका, स्वस्त ग्लेझमध्ये शिसं असू शकतं. आणि राजमा असेल तर नीट ऐका, कच्च्या राजम्यात लेक्टिन नावाचं एक विषारी प्रथिन असतं आणि मंद आचेवर नुसता कोमट-कोमट ठेवला तर ते निघून जात नाही, अर्धकच्चे चार-पाच दाणेही उलट्या करवू शकतात. तो रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात अर्धा तास खळखळून उकळायलाच हवा, त्याआधी मंद आच नाही. मेसेजवाल्यांना विष शोधायचं होतं ना, ते इथे आहे, आणि कुकर ते पटकन संपवतो.

दुसरी गोष्ट भाताची. दुपारचा भात त्याच कुकरमध्ये संध्याकाळपर्यंत झाकून ठेवायची सवय खूप घरांत आहे. शिजवल्यावरही तांदळातल्या एका जिवाणूचे बीजाणू जिवंत राहतात, उबेत ते वाढून विष तयार करतात आणि ते परत गरम केलं तरी जात नाही. उरलेला भात पसरट भांड्यात काढून दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये, उन्हाळ्यात त्याहून लवकर.

आणि नणंदेला सांगितलेलं वरण इथेही देते. एक वाटी तूरडाळ धुवून अर्धा तास भिजवा, तेवढाही वेळ नसेल तर रात्रीच भिजवून फ्रीजमध्ये ठेवा. डब्यात अडीच वाट्या पाणी, पाव चमचा हळद, चिमूटभर हिंग, थोडं तेल. मोठ्या आचेवर पहिली शिट्टी झाली की गॅस एकदम बारीक करून दहा-बारा मिनिटं, शिट्ट्या मोजत बसायची गरज नाही कारण पहिल्या शिट्टीलाच आतलं प्रेशर आलेलं असतं, पुढच्या शिट्ट्यांनी फक्त वाफ आणि 14.2 किलोच्या सिलेंडरमधला गॅस वाया जातो. प्रेशर आपोआप उतरू द्या, शिट्टी उचलून वाफ काढू नका. मग डाळ रवीने घोटून मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून एक उकळी, झालं साधं वरण, वरून तूप. आमटी हवी असेल तर मोहरी-जिरं-कढीपत्त्याची फोडणी स्टीलच्या पातेल्यात करा, त्यात घोटलेली डाळ, गोडा मसाला आणि दोन आमसुलं, पण आमसुलं अगदी शेवटी, डाळ पूर्ण मऊ झाल्यावरच.