सायकल, छडी आणि तंटामुक्ती : वाचकदादांच्या कमेंटला उत्तर

नमस्कार दादा,

तुमची कमेंट वाचली, परत एकदा शांतपणे वाचली. राग आहे त्यात पण नुसता राग नाही, म्हणून खाली चार ओळी टाकून मोकळं होण्यापेक्षा इथं सविस्तर लिहितेय. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. मागच्या पोस्टमध्ये मी आमच्या शाळेतल्या सायकलीच्या भांडणाबद्दल लिहिलं होतं, दोन्ही पोरांना घरच्यांसकट समोरासमोर बसवून ते कसं सोडवलं ते. त्यावर कवठेमहांकाळकडच्या या दादांचं म्हणणं असं की मॅडम हे नुसते लाड आहेत, दोन छड्या दिल्या असत्या तर पाच मिनिटात विषय संपला असता. दुसरं, हे रिस्टोरेटिव्ह जस्टिस वगैरे (म्हणजे नुसत्या शिक्षेऐवजी, ज्यानं नुकसान केलं त्यानं समोर बसून ते भरून द्यायचं) परदेशी खूळ आहे. आणि तिसरं, मिटवामिटवीच्या नावाखाली गावात काय चालतं ते तुम्हाला शाळेत बसून कळायचं नाही, माझ्या चुलत बहिणीला नवरा मारायचा, चार माणसांनी बैठक घेऊन तिचीच समजूत काढली आणि परत नांदायला पाठवली, काही महिन्यांत ती पुन्हा मार खाऊन माहेरी आली.

छडीचं आधी घेते कारण ते लवकर संपतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शाळेत मारायलाच काय, पोराचा मानसिक छळ करायलाही बंदी आहे. पण तुम्ही म्हणाल कायद्याचं सोडा, उपयोगाचं बोला. ठीक आहे, उपयोगाचंच बोलूया.

नववीतल्या एका पोरानं दुसऱ्याच्या सायकलचे दोन्ही टायर ब्लेडनं कापले, मागची रिम लाथा घालून वाकवली. कारण काय तर यानं चाचणीत कॉपी केल्याचं त्या सायकलवाल्यानं सरांना सांगितलं होतं. आता इथं छडी दिली असती तर कुणाचं काय झालं असतं सांगा. ज्याची सायकल मोडली तो पोरगा मळ्यातनं येतो, त्याला आम्ही एकट्याला बसवून विचारलं की तुला काय पाहिजे, तर म्हणला, "माफी राहूदे मॅडम, दूध कोण घालणार?" सकाळी शाळेच्या आधी तोच सायकलला किटली अडकवून डेअरीला दूध घालायचा, आता वडील कामावर जायचं सोडून पायी किटली घेऊन जात होते आणि एकदा उशीर झाला तर डेअरीवाल्यांनी दूध घेतलंच नाही. हे आम्हा शिक्षकांनाही माहीत नव्हतं आणि सायकल मोडणाऱ्याला तर नव्हतंच. बैठकीत सायकलवाल्याच्या वडिलांनी हे सांगितलं तेव्हा सायकल मोडणारं पोरगं पहिल्यांदा खाली बघायला लागलं, तोवर ते "त्यानंच चुगली केली" एवढंच धरून बसलं होतं. मग ठरलं ते असं, की टायर ट्यूब रिमचा खर्च सायकल मोडणाऱ्याचे वडील देणार, आणि सायकल दुरुस्त होऊन येईपर्यंत रोज सकाळी स्वतःच्या सायकलवरनं त्या मोडणाऱ्या पोरानंच दूध डेअरीला पोचवायचं. ते कागदावर लिहिलं, दोघांच्या आणि पालकांच्या सह्या घेतल्या, आणि वर्गशिक्षकांनी रोज विचारायचं असंही त्यातच लिहिलं. त्यानं दूध घातलं. अजून दंगा करतो वर्गात, ते खोटं सांगणार नाही, दोघांची मैत्रीबित्री पण झालेली नाही. पण दूध डेअरीला पोचलं, आणि छडीनं ते पोचलं नसतं हे तुम्हाला पण मान्य करावं लागेल. शिक्षा सोपी असते ना दादा, मार खाल्ला की हिशोब संपला, पुढं काही करायला लागत नाही. समोरच्याच्या बापाच्या डोळ्याला डोळा देऊन ऐकायचं आणि पहाटे उठून किटली न्यायची हे त्याहून अवघड आहे, म्हणून याला लाड म्हणू नका.

परदेशी खूळ म्हणालात. हो, या पद्धतीचं नाव तिकडनं आलंय. कॅनडात एल्मायरा नावाचं गाव आहे, तिथं १९७४ मध्ये दोन तरुणांनी दारूच्या नशेत २२ ठिकाणी तोडफोड केली, गाड्या घरं सगळं, तर प्रोबेशन ऑफिसरनं जजसाहेबांना सुचवलं की यांना त्या लोकांच्या दारात जाऊ द्या, आणि ते खरंच दारोदार गेले, कबूल केलं, नुकसान भरून दिलं. न्यूझीलंडमध्ये तर १९८९ पासून कायदाच आहे, अल्पवयीन पोरानं गुन्हा केला की कुटुंब, नातेवाईक आणि ज्याचं नुकसान झालं तो, असे सगळे बसून पुढं काय करायचं ते ठरवतात, आणि त्यामागं तिथल्या मूळच्या माओरी लोकांची जुनी रीत आहे. भावकी बसवायची पद्धत फक्त आपलीच नाही एवढंच यातनं दिसतं. आणि माणसावर विश्वास टाकायचा म्हणाल तर आपल्याच सांगली जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे की, औंध संस्थाननं १९३९ मध्ये सुरू केलेलं खुलं कारागृह, कैदी बायकापोरांसकट राहून शेती करतात. ती मध्यस्थी नव्हे, वेगळी गोष्ट आहे, पण हा विचार आपल्या मातीत उगवत नाही असं म्हणणाऱ्यानं एकदा तिकडं जाऊन यावं.

आता तुमच्या बहिणीचं. इथं मी पूर्णपणे तुमच्या बाजूनं आहे आणि माझा राग तुमच्यापेक्षा कमी नाही.

गावातली भांडणं गावातच बैठक घेऊन मिटवायची म्हणून तंटामुक्त गाव मोहीम १५ ऑगस्ट २००७ ला सुरू झाली, तेव्हाचे गृहमंत्री आर. आर. आबांनी (आर. आर. पाटील) आणली, ते आपल्या तासगाव तालुक्यातल्या अंजनीचे. हेतू चांगला होता. बांधाच्या भांडणात दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, वकिलाच्या फीमध्ये बांधाच्या दसपट पैसे जातात, ते गावातच मिटलं तर कुणाला नको आहे? आणि बांध, पाणंद, विहिरीची पाळी, असली किती तरी भांडणं मिटलीही. पण तंटामुक्त झालं की गावाला बक्षीस होतं, आणि गावाला बक्षीस मिळायचं असलं की बैठकीतल्या माणसांना घाई होते, आणि घाई झाली की जो कमजोर असतो त्याच्यावरच दाब येतो कारण तोच लवकर वाकतो. बांधाच्या भांडणात निदान दोघं भाऊ समान तरी असतात. नवरा-बायकोच्या मारहाणीत ते समान नसतात. बाई एकटी, समोर सासरा, दीर, सरपंच, गावातले पुढारी, आणि तिचा स्वतःचा बाप पण मान खाली घालून म्हणतोय की जा बाई आता. या बैठकीत ती "हो" म्हणली तर त्या "हो"ला काय अर्थ आहे? मी ज्याबद्दल लिहिते त्यात पहिली अटच ही आहे की ज्याला इजा झाली त्याला आधी एकट्याला भेटायचं, आणि त्यानं बसायला नाही म्हणलं तर विषय तिथंच बंद, कुणी त्याला समजवायला जायचं नाही. आमच्या शाळेत पण सायकलवाला पोरगा नाही म्हणला असता तर बैठक झाली नसती. तुमच्या बहिणीला हे कुणी विचारलं होतं का? मग तिच्यासोबत जे झालं त्याला मी मध्यस्थी म्हणणार नाही, तो दबाव होता.

आणि काही गोष्टी बसवून मिटवायच्याच नसतात. मुलावर किंवा मुलीवर लैंगिक अत्याचार झाला असं कळलं की पॉक्सो कायद्याच्या (मुलांना अशा अत्याचारापासून वाचवणारा कायदा) कलम १९ प्रमाणं पोलिसांना कळवायलाच लागतं, तिथं शाळेची अब्रू, गावाची अब्रू असलं काही ऐकायचं नाही. बलात्काराच्या केसमध्ये तडजोडीचा विचारसुद्धा करायचा नाही असं सुप्रीम कोर्टानं २०१५ मध्ये स्पष्ट सांगितलंय. जातपंचायत दंड लावत असेल, वाळीत टाकत असेल तर त्याला महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. गावकीच्या बैठकीबद्दल पण २०२३ च्या मध्यस्थता कायद्यात लिहिलंय की दोन्ही बाजूंची संमती आधी पाहिजे, आणि अशी तडजोड कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखी कुणावर लादता येत नाही. म्हणजे "गावात सही केलीस, आता तुला बोलायचा हक्क नाही" असं कुणी तिला सांगत असेल तर ते साफ खोटं आहे.

तर दादा, छडीबद्दल आपलं जमणार नाही, राहू दे. बहिणीचं मात्र लगेच बघा. बैठकीत जो कागद झाला त्याची झेरॉक्स घ्या, दवाखान्याचे कागद असतील तर तेही. सांगलीला कोर्टाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, बाईला तिथं वकील फुकट मिळतो, उत्पन्नाचा दाखला वगैरे लागत नाही, कारण महिलांना कायद्यानंच ती सवलत आहे, तालुक्याच्या कोर्टात पण त्यांची समिती असते. २००५ च्या घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडं अर्ज करता येतो, मारहाणीला मनाईचा हुकूम मागता येतो, राहायच्या घराचा हक्क मागता येतो, पोटगी मागता येते, आणि यासाठी घटस्फोट मागायलाच पाहिजे असं काही नाही, ही भीती बऱ्याच घरात असते म्हणून मुद्दाम लिहिलं. पुन्हा अंगावर आला तर ११२ लावा, नाहीतर महिलांची १८१. आणि पुढं कधी ती स्वतः म्हणली की मला बसून बोलायचंय, तर ते तिनं ठरवायचं, तिनं सांगितलेल्या जागी, तिच्या विश्वासाचं माणूस शेजारी बसवून. तोवर तुमच्या घरातल्यांनीही "बघ, जरा जुळवून घे" म्हणू नये, तुम्ही भाऊ आहात, ते तुम्हालाच थांबवावं लागेल.