‘केमोथेरपीपेक्षा 10,000 पट प्रभावी’: लक्ष्मणफळाचा दावा कुठून आला?

लक्ष्मणफळाबद्दलचा (ग्राव्हिओला) एक मजकूर गेली कित्येक वर्षे फिरतो आहे. हे फळ केमोथेरपीपेक्षा 10,000 पट प्रभावी आहे, ते फक्त कर्करोगाच्या पेशी मारते व निरोगी पेशींना धक्का लावत नाही, आणि नैसर्गिक पदार्थाचे पेटंट मिळत नसल्याने औषध कंपन्यांनी हे संशोधन दाबून ठेवले, असा त्याचा आशय. यातला आकडा कोणी मनाने रचलेला नाही, म्हणूनच त्याचे मूळ पाहणे भाग आहे.

हा आकडा अमेरिकेतील पर्ड्यू विद्यापीठातल्या जेरी मॅक्लॉफलिन यांच्या गटाने 1996 मध्ये प्रसिद्ध केलेल्या शोधनिबंधातला आहे. त्यात फळ तपासले गेले नव्हते. तपासली गेली ती बियांमधून वेगळी काढलेली शुद्ध संयुगे. त्यांपैकी सिस-ॲनोनासिन हे संयुग मोठ्या आतड्याच्या कर्करोगाच्या एचटी-29 या पेशीमालिकेवर (प्रयोगशाळेत पिढ्यानपिढ्या वाढवलेल्या एकाच प्रकारच्या पेशींवर) ॲड्रियामायसिन या केमोथेरपीतल्या औषधाच्या 10,000 पट तीव्र ठरले. एका संयुगाची एका पेशीमालिकेवर एका औषधाशी केलेली ही तुलना होती. मजकुरात तिचे फळ झाले आणि त्या एका औषधाची सगळी केमोथेरपी झाली.

शिवाय ‘पट’ कशाची, हेही पाहावे लागते. अशा चाचणीत प्लास्टिकच्या पाटीवरील बारीक खळग्यांत पेशी वाढवतात, खळग्यागणिक संयुगाची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करत नेतात आणि काही दिवसांनी त्यांत एक पिवळे द्रव्य घालतात. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या रंगात रूपांतर करतात, आणि ज्या मात्रेला हा जांभळेपणा निम्म्यावर येतो ती नोंदवली जाते. म्हणजे 10,000 पट याचा अर्थ इतकाच, की तोच परिणाम 10,000 पट कमी मात्रेत दिसला. ते संयुग पोटातून रक्तात उतरेल का, यकृत त्याचे तुकडे करील का, गाठीपर्यंत ते पोहोचेल का, यांपैकी एकाही प्रश्नाला तो आकडा स्पर्श करत नाही.   

‘निरोगी पेशींना धक्का नाही’ हा दावा मला सर्वांत घातक वाटतो. लक्ष्मणफळातले ॲनोनासिन आणि त्याच्या जातीची संयुगे पेशीतल्या मायटोकाँड्रियामधील ऊर्जानिर्मितीची एक पायरी, कॉम्प्लेक्स-1, अडवतात. रोटेनोन हे कीटकनाशक नेमके हेच करते. मायटोकाँड्रिया मेंदूच्या पेशींतही असतात, आणि त्या पेशींची ऊर्जेची भूक मोठी असते. कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर पार्किन्सनसदृश (कंपवातासारख्या), पण नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या विकाराचे रुग्ण प्रमाणाबाहेर आढळले, तेव्हा 1999 मध्ये लक्ष्मणफळाच्या कुळातल्या फळांच्या आणि पानांच्या काढ्याच्या सेवनाशी त्याचा संबंध मांडला गेला. पुढे उंदरांच्या शरीरात ॲनोनासिन 28 दिवस सोडल्यावर त्यांच्या मेंदूतही इजा दिसली. माणसांमधील कार्यकारणभाव यातून निर्विवाद सिद्ध होत नाही. ‘नैसर्गिक म्हणून निर्धोक’ हे मात्र टिकत नाही.

दडपशाहीच्या आरोपाला उत्तर छोटे आहे. मूळ निबंध उघडपणे छापलेला आहे. आणि नैसर्गिक पदार्थ कंपन्यांना नकोच असतात, हेही खरे नाही. पॅक्लिटॅक्सेल (टॅक्सॉल) हे कर्करोगावरील औषध म्हणजे पॅसिफिक यू वृक्षाच्या सालीतले, जसेच्या तसे नैसर्गिक संयुग. अमेरिकेत त्याला औषध म्हणून मान्यता 1992 मध्ये मिळाली. पुढे त्याची वार्षिक विक्री अब्ज डॉलरच्या वर गेली. सदाफुलीतले व्हिंक्रिस्टिनही कर्करोगावर 1963 पासून वापरात आहे. काढण्याची प्रक्रिया, औषधाचे स्वरूप, रेणूत केलेला बदल या सर्वांवर पेटंट मिळू शकते.

उरला पानांच्या चहाचा सल्ला. ॲनोनासिनसारखी संयुगे मेणचट असून पाण्यात फार कमी विरघळतात, आणि झाडागणिक त्यांचे प्रमाण बदलते. त्यामुळे एका कपात औषध किती आणि मेंदूला अपायकारक द्रव्य किती, हे तो कप देणाऱ्यालाही सांगता येत नाही.